मदत हवी आहे: आमच्या भुतांच्या कार्ड गेममधला चकवा आवरत नाहीये (शिवाय छपाईचं विचारायचंय)

कोथरूडची_कैदाशीण

नमस्कार मंडळी, मॅजिक द गॅदरिंग हा कार्ड गेम खेळणारे किंवा स्वतः कार्डं बनवणारे कोणी असाल तर जरा मदत करा. मी आणि माझी मावसभावंडं मिळून एक फँटसी कार्ड गेम बनवतोय, त्यात ड्रॅगन नि एल्फ न घेता सगळी आपलीच भुतं घेतलीयेत, मुंजा, हडळ, खवीस, देवचार, ब्रह्मराक्षस आणि सगळ्यांचा म्होरक्या वेताळ. जागांची पण कार्डं आहेत, पडकी विहीर, पिंपळ, तिठा, आणि अर्थातच वेताळ टेकडी, घराच्या इतकी जवळ असून नसती ठेवली तर कसं चाललं असतं.

नियम साधे आहेत. 40 कार्डांचा डेक, एका नावाची जास्तीत जास्त 3 कार्डं, दोघांना 20-20 जीव, सुरुवातीला हातात 6 कार्डं आणि दर पाळीला एक ओढायचं. मॅनाऐवजी (म्हणजे कार्ड उतरवायला खर्च होणारी शक्ती) मशाली आहेत आणि त्या हार्थस्टोन या ऑनलाइन कार्ड गेमसारख्या दर पाळीला एकेक आपोआप वाढतात, कारण मॅजिकमध्ये मॅना देणारं लँडचं कार्ड येत नाही म्हणून नुसतं हातावर हात ठेवून बसायचं याचा आमच्या धाकट्याला भयंकर राग आहे.

हडळ मस्त जमलीये. खर्च 3, हल्ला 4, बचाव 1, आणि 'उलटी पावलं: एक मशाल खर्चून या पाळीपुरती हल्ला आणि बचावाची अदलाबदल करा'. वाचलं की लगेच कळतं आणि समोरचा कायम टरकलेला असतो.

गाडी अडलीये ती चकव्यावर. मूळ कार्ड असं होतं, खर्च 2, हल्ला 1, बचाव 3, 'समोरच्या भुताने हल्ला केला की तो हल्ला तुम्ही म्हणाल त्या भुतावर वळवा'. समोरच्याच्याच दुसऱ्या भुतावर वळवला तरी चालतो. एकदा का चकवा पटावर आला की समोरचा हल्लाच करत नाही, मग दोघं नुसते कार्डं ओढत बसतात आणि कोणीतरी चहा टाकायला उठतं. खर्च 3 करून बघितला, 4 केला, आता 5 वर आहे, तरी तेच. किती ठेवू?

दुसरं म्हणजे मुंजा. खर्च 2, हल्ला 3, बचाव 3, पण पटावर पिंपळ असेल तरच उतरवता येतो. कागदावर भारी वाटतं पण डेकमध्ये कोणी घेतच नाही. आणि तिसरं, एका प्रेसमधून सँपल काढून आणलं तर त्यात 'दुसऱ्या'चं 'दुसर् या' झालंय आणि 'हल्ला' मधले दोन ल सुटे पडलेत. प्रेसवाले म्हणतात तुमचा फाँट खराब आहे. खरंच फाँटचं असतं का हे?

रात्रीचा_राजाराम

ताई, चकव्याचा खर्च 8 केलात तरी काही होणार नाही. खर्च वाढवला की कार्ड उशिरा येतं एवढंच, आल्यावर जे करतं ते तेच करतं. तुमचा चकवा फुकट, दर वेळी आणि कितीही हल्ल्यांवर चालतो आणि समोरच्याच्या हातात त्यावर काही उपायच नाही. या चारातलं काहीतरी काढायला लागेल.

मला विचाराल तर उपाय गोष्टीतच आहे. आमची आजी सांगायची की चकवा लागला तर चालत राहायचं नाही, आहे तिथे बसायचं आणि उजाडायची वाट बघायची. तेच कार्डावर आणा की. समोरच्याने आपलं एखादं भूत एक पाळी 'बसवलं', म्हणजे हल्ला न करता आडवं ठेवलं, तर पुढच्या पाळीत त्याच्या हल्ल्याला चकवा हात लावू शकत नाही. आता समोरच्याकडे निवड आली, पाळी घालवू का धोका पत्करू. आणि वळवणं पाळीत एकदाच. एवढं केलंत तर खर्च 3 वर आणता येईल असं वाटतं, पण खेळून बघा, डोक्यात सगळीच कार्डं बॅलन्स असतात.

आणि खर्च ठरवायला आधी एक साधं माप धरा. मॅजिकमध्ये 1993 पासून 2 मॅनाला हल्ला 2 बचाव 2, बाकी काही नाही, असं एक अस्वल आहे, लोक अजून त्याच्याशी तुलना करतात. तुमच्याकडे असा साधा खवीस ठेवा, काहीच न करणारा, आणि प्रत्येक कार्डाला विचारा की खविसापेक्षा काय जास्त देतंय आणि त्या बदल्यात काय घेतंय. मोठमोठ्यांचंही चुकतं. मॅजिकच्या पहिल्याच सेटमध्ये एका मॅनाला 3 कार्डं ओढून देणारं कार्ड होतं आणि एका मॅनालाच 3 जीव देणारंही होतं. पहिलं आज व्हिंटेजमध्ये (जुनी कार्डंही चालतात तो खेळाचा प्रकार) डेकमागे एकच ठेवू देतात, दुसऱ्याला कोणी हिंग लावून विचारत नाही.

गणिताची_ताई

मुंज्याचं मी सांगते. 40 मध्ये 3 पिंपळ, सुरुवातीची 6 आणि चौथ्या पाळीपर्यंतची 4 धरून 10 कार्डं बघितली, तर त्यात एकही पिंपळ नसण्याची शक्यता (30×29×28) भागिले (40×39×38), म्हणजे साधारण 41 टक्के. पाच डावांपैकी दोन डावांत मुंजा हातात बसून माशा मारणार, कोण घेईल त्याला? त्यापेक्षा तो कुठेही उतरू दे, खर्च 4, आणि पिंपळ असेल तर 2. मग पिंपळ म्हणजे बक्षीस झालं, परवाना नाही. पिंपळालाही स्वतःचं काहीतरी काम द्या, नाहीतर फक्त मुंज्यासाठी 3 जागा कोणी अडवणार नाही.

कोथरूडची_कैदाशीण

'बसवणं' फार आवडलं!! धाकटा तर लगेच म्हणाला की मग हे सगळ्या भुतांना येऊ दे, त्याला कसंबसं थांबवलंय. पिंपळाला 'दर पाळीला तुमच्या एका भुताचा बचाव 1 ने वाढवा' असं द्यायचा विचार आहे. साती आसरा पण घ्यायच्या आहेत, विहिरीवर चालतील असं कार्ड, खर्च 4, काय वाटतं?

मावळातला_मामा

बाळा, आसरांना भुतांच्या ढिगात टाकू नकोस एवढं माझं ऐक. आमच्याकडे विहिरीवर अजून त्यांना हळदीकुंकू, खणानारळ होतो. खेळ खेळ म्हणून ठीक आहे पण कोणाच्या घरी तो डेक उघडलास आणि आजीने बघितलं तर तुलाच ऐकावं लागेल. त्यांना जागेचं कार्ड कर किंवा वरदान म्हणून ठेव, मारामारीत नको.

कर्व्ह_करून_आणा

छपाईचं. फाँट खराब नाहीये, बहुतेक तुमची फाइल ज्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली त्याला देवनागरी जोडाक्षरं जोडता येत नाहीयेत. ॲडोबीच्या इनडिझाइनमध्ये पॅरेग्राफ पॅनेलला साधा कंपोजर असेल तर नेमकं असंच फुटतं, तिथे वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडला की 'दुसऱ्या' नीट येतं. पैसे घालवायचे नसतील तर इंकस्केप फुकट आहे आणि त्यात मराठी सरळ येतं. त्यातून पुढे प्रेसला उघडी फाइल द्यायचीच नाही, अक्षरांचे पाथ करून, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेषा करून, पीडीएफ द्यायची. पेठेतल्या निम्म्या प्रेस अजून श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटवर चालतात, त्यांच्याकडे तुमचा युनिकोड मजकूर पेस्ट केला की तो फुटणारच. पाथ केल्यावर चूक सुधारता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी ठेवा.

कार्ड मॅजिकच्याच मापाचं करा, 63 बाय 88 मिमी, म्हणजे तयार स्लीव्ह (कार्डांची प्लॅस्टिकची पाकिटं) बसतात. चारी बाजूंना 3 मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) दिलात की 69 बाय 94 होतं आणि 12 बाय 18 इंची शीटवर 18 कार्डं बसतात. कागद 300 जीएसएम आर्ट कार्ड, दोन्हीकडून मॅट लॅमिनेशन. मजकूर 8 पॉइंटच्या खाली नेऊ नका, आणि ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात. चकव्याचा नवीन मजकूर लांबलाय म्हणून सांगतोय.

पण आत्ता छापूच नका. ए4 वर 9 कार्डं बसतात, साध्या झेरॉक्सच्या कागदावर काढा, कापा, स्लीव्हमध्ये जुन्या पत्त्यापुढे सरकवा आणि खेळा. चकवा बदलला की एक चिठ्ठी बदलायची, बस.

कोथरूडची_कैदाशीण

मामा, आसरा आता वरदान आहेत, 'विहीर पटावर असेल तर 3 जीव परत'. चकव्याचं नवीन कार्ड असं केलंय, बघा बरं. खर्च 3, हल्ला 1, बचाव 3, 'पाळीत एकदा, समोरच्याचा एक हल्ला तुम्ही म्हणाल त्या भुतावर वळवा. मागच्या पाळीत बसलेल्या भुताला चकवा लागत नाही.' काल रात्री यावर खेळलो, चहाला कोणी उठलं नाही, पण दोन चकवे एकदम पटावर असले की दोन हल्ले वळतात का एकच, यावरून धाकटा आणि मी अजून बोलत नाहीयोत.

रात्रीचा_राजाराम

दोन वळतात, कार्डावर लिहिलंय तेच खरं. एकच वळावा असं वाटत असेल तर 'तुमच्या बाजूला एका वेळी एकच चकवा' अशी ओळ टाका, पण मी नसती टाकली, दोन चकव्यांना 6 मशाली गेल्यात, त्याला काहीतरी मिळू दे. धाकट्याला माझं नाव सांगा.