४,२९,४९,६७,२९७ ही मूळ संख्या नाही

२ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजेच ४२९४९६७२९७, ही संख्या लहान मूळ संख्यांनी भागली जात नाही, म्हणून ती मूळच असावी, असे एखाद्याला वाटेल. ती मूळ असल्याचा समज फ्रेंच गणिती फर्माचाही होता, पण १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने ती ६४१ गुणिले ६७००४१७ असल्याचे दाखवून दिले. या संख्येच्या प्रत्येक मूळ विभाजकाला ६४ ने भागल्यास बाकी १ उरलीच पाहिजे, ही अट लावली की १९३, २५७, ४४९ आणि ५७७ यांच्यानंतर पाचव्याच प्रयत्नात ६४१ हाती लागतो.

प्रत्यक्ष भागाकार न करताही हे पडताळता येते, आणि मला तरी ती रीत अधिक देखणी वाटते. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १. त्यामुळे ५ गुणिले २ चा सातवा घात याची ६४१ ने भागल्यावर बाकी उणे १ (म्हणजे ६४१ ला १ कमी) येते आणि दोन्हींचा चौथा घात घेतला की ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८ वा घात याची बाकी १ येते. पण ६४१ हे ६२५ अधिक १६ देखील आहे, म्हणून ५ च्या चौथ्या घाताऐवजी उणे १६, म्हणजे २ च्या चौथ्या घाताची उणे किंमत, ठेवता येते. मग २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ ठरते आणि त्यात १ मिळवताच शून्य उरते.

जाता जाता, हिच्याहून दोनने लहान असलेली ४२९४९६७२९५ मात्र ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या पाच मूळ संख्यांचा नेमका गुणाकार आहे.