मदत हवी आहे : भिंतीवरचे हजारो स्टिकर रंग न उचलता कसे काढावेत?

ब्रिस्बेन येथील क्वीन्सलँड आर्ट गॅलरीत जपानी कलाकार यायोई कुसामा यांनी २००२ साली मुलांसाठी जी पांढरी खोली मांडली होती, आणि जी प्रेक्षकांनी चिकटवलेल्या रंगीत ठिपक्यांनी दिवसेंदिवस बदलत गेली, तिच्यावरून सुचलेली एक लहान मांडणी आम्ही आमच्या गावच्या सार्वजनिक कलादालनात केली आहे. प्रतिसाद अपेक्षेपेक्षा जास्त मिळाला. मुलांचा हात पोहोचतो त्या उंचीवर तर ठिपक्यांवर ठिपके असे पाच-सहा थर चढले आहेत.

अडचण आहे ती उतरवण्याची. दालन रविवारी रात्री मूळ स्थितीत परत द्यायचे असून पुन्हा रंग देण्याची परवानगी नाही. दाराआडच्या कोपऱ्यात प्रयोग करून पाहिले. स्टिकर तसाच ओढला की रंगाचा पापुद्रा सोबत निघतो, हेअर ड्रायरने ऊब दिल्यास कागद सुटतो पण चिकटा मागे राहतो, आणि खोबरेल तेलाने चिकटा गेला तरी तेलकट डाग उरला. थिनर किंवा रॉकेल वापरता येणार नाही, कारण शेजारच्या दालनात जलरंगातील चित्रे लावलेली आहेत आणि खिडक्या उघडत नाहीत. भिंतीला पुट्टीवर साधे प्लास्टिक इमल्शन आहे, गेल्या दिवाळीत दिलेले. स्टिकर स्टेशनरीच्या दुकानातले, कागदी. मांडणीतल्या टेबल-खुर्च्या आमच्याच, त्यामुळे त्यांची चिंता नाही.

इमल्शनवरचा असा चिकटा वास न पसरवता आणि डाग न ठेवता काढण्याचा अनुभव कोणास आहे काय, आणि ऊब देताना ड्रायर भिंतीपासून किती अंतरावर व किती वेळ धरावा?