शब्दचर्चा: जनुकीय ‘सुधारित’, ‘परिवर्तित’ की आणखी काही?

लेबलवाली: एका खाद्यतेलाच्या बाटलीवरचा मजकूर मराठीत करतेय. जीएम (जेनेटिकली मॉडिफाइड, म्हणजे जनुकांत बदल केलेल्या) घटकांचा उल्लेख आहे. सोबतच्या माहितीपत्रकात ‘सस्टेनेबल’ला ‘टिकाऊ’ लिहिलंय. वर्तमानपत्रांत ‘जनुकीय सुधारित’ दिसतं, काही ठिकाणी ‘परिवर्तित’, तर कुठे ‘परावर्तित’सुद्धा. यातलं काय छापावं?

कोशवेडा: ‘परावर्तित’ आधी बाद करा. आरशावरून प्रकाश परावर्तित होतो. वांग्यातल्या जनुकाचं तसं काही होत नाही.

‘सुधारित’ची अडचण वेगळी आहे. शेतीत या शब्दाची जागा आधीच ठरलेली आहे: देशी, सुधारित, संकरित. सुधारित वाण म्हणजे निवड पद्धतीने किंवा पैदाशीतून तयार झालेला सरळ वाण, ज्याचं घरचं बियाणं पुढच्या वर्षी पेरता येतं. त्याच शब्दामागे ‘जनुकीय’ लावलं की त्याच कुळातलं काही असावं असं वाटतं. शिवाय ‘सुधारित’मध्ये शाबासकी आहे. बाटलीवरच्या सूचनेने ग्राहकाला घाबरवू नये, तशी मालाची तारीफही करू नये. म्हणून ‘जनुकीय परिवर्तित’. कोरडा शब्द आहे, पण इथे कोरडेपणाच हवा.

वऱ्हाडकर: आमच्याकडे यातलं एकही कोणी बोलत नाही. ‘बीटी’ म्हणतात, संपलं. मुळात ती, ज्याचं अळीला मारणारं जनुक पिकात घातलं, त्या जिवाणूच्या लॅटिन नावातली दोन अक्षरं. आता बियाण्याचं नाव झालंय. तणनाशक सहन करणारं, मंजुरी नसलेलं बियाणं आलं तर ते ‘चोर बीटी’. २०१९ च्या जूनमध्ये अकोल्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेने तेच जाहीरपणे पेरलं होतं, म्हणजे चोर दिवसाढवळ्या आला!

आणि ताई, तेल कशाचं आहे? सरकीचं असेल तर विषय गमतीचा आहे. बीटी वांग्याला २००९ मध्ये केंद्राच्या जीएम मंजुरी समितीने हिरवा कंदील दाखवला, फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली. तेव्हापासून ‘आपण जीएम खात नाही’ असं म्हणायची पद्धत आहे. पण बीटी कापूस २००२ पासून आहे. त्याची सरकी घाण्यावर जाते, तेल माणसांना, पेंड म्हशीला. कापसाला अन्न कोण म्हणणार, म्हणून कुणी विचारत नाही.

लेबलवाली: हो, सरकीचंच. मग ‘जीएमयुक्त तेल’ चालेल?

कोशवेडा: नाही. माझ्या मते खरा प्रश्न ‘सुधारित-परिवर्तित’चा नाहीच, तो इथे आहे. ‘युक्त’ म्हणजे ती वस्तू आत आहे. रिफाइंड तेलात डीएनए आणि प्रथिनं जवळपास उरतच नाहीत. तेव्हा ‘जीएमयुक्त’ खोटं ठरेल, ‘जीएम पिकापासून तयार केलेले’ खरं. कायद्यांचं भांडणही याच विभक्तीवर आहे. युरोपीय संघ उगम बघतो: पीक जीएम तर तेलावरही तसं लिहायचं, भेसळ ०.९ टक्क्याच्या आत आणि टाळता न येण्याजोगी असेल तरच सूट. अमेरिकेने २०१६ चा कायदा करून २०२२ पासून जे नियम सक्तीचे केले, त्यांत बदललेला जनुकीय अंश चाचणीत सापडत नसेल तर शुद्ध केलेली साखर-तेल सुटली. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२१ च्या मसुद्यात ‘जीएम आहे’ आणि ‘जीएमपासून मिळवलेले घटक’ असे दोन्ही पर्याय होते, मर्यादा एक टक्का.

त्याच न्यायाने, एक टक्क्यापर्यंत सूट घेऊन ‘जीएममुक्त’ लिहिणंही पटत नाही. मुक्त म्हणजे मुक्त. ‘बिगर-जीएम’ म्हणा.

टमाटर: तुमच्या माहितीपत्रकातलं ‘सस्टेनेबल’चं ‘टिकाऊ’ तेवढं बदला. १९९४ मध्ये अमेरिकेत लवकर मऊ न पडणारा जीएम टोमॅटो विक्रीला आला. तो टिकाऊ होता, पण धंदा काही वर्षांतच आटोपला.

वऱ्हाडकर: त्याऐवजी ‘शाश्वत’ लिहिणार असाल तर तेही जपून वापरा. बोंडअळीला मारणारं वाण म्हणून घेतलं आणि २०१७ ला गुलाबी बोंडअळीने त्याच बीटीची बोंडं पोखरली. एकच विष दरवर्षी, लांबलेला हंगाम, विषाला सरावलेल्या अळ्या वाढू नयेत म्हणून शेजारी बिगर-बीटीच्या ओळी लावायच्या त्या कुणी लावल्या नाहीत, अळी त्या विषाला सरावली. कशाला शाश्वत म्हणता?

लेबलवाली: ठीक, ‘जनुकीय परिवर्तित कापसाच्या सरकीपासून तयार केलेले तेल’ असं लिहिते. ‘जीन एडिटिंग’ला ‘जनुकसंपादन’ बरोबर आहे ना?

कोशवेडा: रूढ होतंय, पण मला ऐकताना भूसंपादन आठवतं, सरकार जनुकं ताब्यात घेतंय की काय! तरी वेगळा शब्द हवाच. बाहेरचं जनुक न घालता केलेल्या अशा बदलांना २०२२ मध्ये केंद्राने जीएमच्या कडक नियमांतून वगळलं, आणि २०२५ च्या मे महिन्यात तसे दोन भाताचे वाण जाहीर झाले. त्यांना ‘जनुकीय परिवर्तित’ म्हटलं तर कायद्याच्या दृष्टीने चूक होईल. ‘जनुकसंपादित’ लिहा, पण तुमच्या बाटलीवर त्याची गरज नाही.