‘सिंथेटिक’ला कृत्रिम म्हणावे की संश्लेषी?

(चार गावांतल्या चौघांची ही चर्चा; प्रत्येकाच्या म्हणण्याआधी त्याचे गाव दिले आहे.)

जळगाव : अमेरिकेतील बर्कली येथील रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक जे कीसलिंग यांच्या संशोधनावर मी महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासाठी टिपण लिहीत आहे. त्यांच्या गटाने यीस्टमध्ये वनस्पतीची जनुके घालून आर्टेमिसिनिन या हिवतापावरील औषधाचे पूर्वरूप असलेले आम्ल तयार करून घेतले आणि ते काम २००६ साली प्रसिद्ध झाले. ‘सिंथेटिक बायॉलॉजी’ या शाखेला मी ‘कृत्रिम जीवशास्त्र’ म्हटले, तर सहकारी शिक्षिकेने तो शब्द खोडून ‘संश्लेषी’ केला, कारण कृत्रिम म्हटले की वाचकाच्या मनात नकली हाच अर्थ येतो, असे तिचे म्हणणे आहे. आपणांस काय वाटते?

धुळे : मला हे खोडणे पटत नाही. ‘कृत्रिम’ हा शब्द ‘कृ’ धातूपासून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘करून सिद्ध झालेले’ एवढाच आहे. धर्मशास्त्रातला कृत्रिम पुत्र हा खोटा पुत्र नव्हे, तर रीतसर आपला केलेला पुत्र होय.

अमळनेर : व्युत्पत्ती मान्य, परंतु ‘कृत्रिम हसू’ वाचताना ती कोणाला आठवते? ‘संश्लेषी’मध्ये ‘श्लिष्’, म्हणजे जोडणे, आहे आणि जनुके जोडण्याच्या या कामाला तोच शब्द शोभतो.

चोपडा : आमच्याकडे गाई-म्हशी पाळणारा प्रत्येक जण ‘कृत्रिम रेतन’ म्हणतो आणि जन्मलेल्या वासराला कोणी नकली समजत नाही. मला अधिक खटकते ते ‘यीस्ट’. आई ज्वारी भिजवून बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, आंबवत असे. त्या ‘आंबवण्या’तून यीस्टसाठी एखादा शब्द का घडवू नये?

धुळे : ‘किण्व’ हा शब्द कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्याच्या संदर्भात आलेला आहे आणि ‘किण्वन’ आपण वापरतोच.

अमळनेर : किण्व म्हणजे आंबवणारे द्रव्य, तर यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. ‘खमीर’ हा त्याच अर्थाचा वापरातला शब्द अरबीतून आला म्हणून तो टाळायचा आणि कोशातला मृत शब्द उठवायचा, हा आग्रह मला मान्य नाही.

जळगाव : माझा प्रश्न ‘सिंथेटिक’चा होता. तरी विचारतो : आर्टेमिसिनिन ज्या आर्टेमिसिया वनस्पतीपासून मिळते ती म्हणजे आपला दवणा, मग ‘दवण्याचे औषध’ असे लिहावे काय?

चोपडा : तसे लिहू नये. दवणा आणि औषधाची ती वनस्पती या एकाच प्रजातीच्या दोन निराळ्या जाती आहेत. देवाला दवणा वाहणारा वाचक भलतीच पाने उकळून पिईल.