एकच काळा चष्मा सगळ्या कामाला: वेल्डिंग, ग्राइंडिंग, कटिंगला नेमकं काय घ्यावं?

मच्छे फॅब्रिकेशन
नमस्कार. मच्छेत शेड आहे, सहा माणसं. गेट, ग्रिल, पत्र्याच्या शेडचे ट्रस, आणि दसऱ्याच्या आधी उसाच्या ट्रॉल्यांची दुरुस्ती. दोन आर्क मशीन (३.१५ मिलिमीटरचा रॉड ११०-१२० अँपिअरवर, ट्रॉलीच्या चॅसीला ४ चा रॉड), एक मिग (तारेचं वेल्डिंग), एक गॅस कटर, तीन एजी-फोर (४ इंची हातग्राइंडर), एक एजी-सेव्हन (७ इंची). दुकानातून डझनाने आणलेला काळा चष्मा पोरं सगळ्यालाच वापरालेत. ग्राइंडिंगला दिसत नाही म्हणून काढून ठेवतात, टाका (जॉब जागेवर धरायला छोटा वेल्ड) मारताना नुसते डोळे मिटतात. कुठल्या कामाला काय घ्यावं आणि काळ्या काचेचा नंबर कसा ठरवावा? ऑटो हेल्मेट घेण्यासारखं आहे का? एकाला नंबरचा चष्मा आहे, तो म्हणतो मला वेगळा नको. आणि पावसाळ्यात वाफ धरते त्याचं काय करायचं?

उद्यमबाग टूलरूम
आधी तो डझनाचा चष्मा बाजूला ठेवा. एक धोका उडून येणाऱ्या तुकड्यांचा, दुसरा उजेडाचा. काळी काच उजेडासाठी. ग्राइंडरवर ती घातली की रेघ दिसत नाही, मग चष्मा कपाळावर जातो, आणि कपाळाला चष्म्याची गरज नसते.

सहाही जणांना प्रत्येकी एक पांढरा, म्हणजे पारदर्शक, पॉलिकार्बोनेटचा (कणखर प्लास्टिकचा) चष्मा द्या, बाजूने झाकलेला. शेडमध्ये पाय टाकल्यापासून बाहेर पडेपर्यंत तो तोंडावर. वेल्डरलाही, हेल्मेटच्या आत. कारण चिपिंग हातोडी चालते ती हेल्मेट वर केल्यावर, आणि गरम स्लॅग (वेल्डवरची खपली) डोळ्यात जातो तो तेव्हाच. शिवाय पॉलिकार्बोनेट यूव्ही (आर्कमधले न दिसणारे अतिनील किरण) बऱ्यापैकी अडवतं, त्यामुळे शेजारच्याने न सांगता टाका मारला तर बाजूने येणारा मार कमी होतो. त्यातून आर्ककडे बघायचं नाही, एवढं पोरांना स्पष्ट सांगा.

घेताना काच आणि फ्रेम दोन्हींवर छाप बघा. आपलं मानक आयएस ५९८३, युरोपचं ईएन १६६, अमेरिकेचं झेड ८७. झेड ८७ च्या पुढे अधिकचं चिन्ह असेल तरच तो जोराच्या माराचा. ईएनमध्ये इंग्रजी एफ अक्षर म्हणजे ६ मिलिमीटरची, पाऊण ग्रॅमला थोडी वर अशी पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने मारून बघितलेली. बी म्हणजे १२० मीटर, ए म्हणजे १९०. काड्यांच्या चष्म्याला एफच्या वर जाता येत नाही. बी चेहऱ्याला चिकटून बसणाऱ्या गॉगलला मिळतं, ए फक्त फेसशील्डला.

आता एजी-फोरचा हिशेब घाला. १०० मिलिमीटरचं चाक, मिनिटाला ११,००० फेरे, म्हणजे चाकाच्या काठाचा वेग सेकंदाला ५८ मीटरच्या आसपास. एजी-सेव्हन ८,५०० फेऱ्यांवर ८० मीटर. कटिंग व्हील अडकून फुटलं तर तुकडा याच वेगाने सुटतो आणि तो पाऊण ग्रॅमचा नसतो. एफचा चष्मा एकट्याने तिथे पुरत नाही. म्हणून ग्राइंडर हातात घेतला की चष्मा आणि त्यावर फेसशील्ड, दोन्ही. नुसतं फेसशील्डही नको, ठिणगी हनुवटीकडून वर शिरते. आणि गार्ड काढून ४ इंची मशीनवर ५ इंची चाक चढवायची खोड कुणाला असेल तर ती आधी मोडा, तिला चष्म्याने उत्तर नाही.

एअर गनने जॉब किंवा बेड झाडताना काड्यांचा चष्मा निरुपयोगी. चुरा खालून उलटा येतो. त्याला गॉगलच.

निपाणी आर्क
काळ्या काचेचं मी सांगतो. नंबर रॉडच्या जाडीपेक्षा अँपिअरवर ठरवा. साध्या आर्कला ६० ते १६० अँपिअरमध्ये कमीत कमी ८, सोयीचा १०. १६० ते २५० मध्ये कमीत कमी १०, सोयीचा १२. मिगला ६० ते १६० मध्ये कमीत कमी १०, सोयीचा ११. गॅस कटिंगला २५ मिलिमीटरच्या आतल्या प्लेटला ३ किंवा ४, त्यावर १५० पर्यंत ४ किंवा ५.

तुमच्या ११०-१२० ला १० किंवा ११ बसतो. चॅसीला ४ चा रॉड १६० च्या वर चालत असेल तर ११ किंवा १२. आणि तो डझनाचा चष्मा बहुतेक गॅस कटिंगचा ५ नंबरचा असणार, किंवा नुसता रंगवलेला प्लास्टिकचा. रंगवलेला असेल तर तो घालण्यापेक्षा न घातलेला बरा. अंधारात बाहुली मोठी होते आणि न गाळलेला यूव्ही जास्त आत जातो.

हातात दोन-तीन नंबर असतील तर गडदकडून सुरू करा. वितळलेल्या रसाची कड आणि त्यावर तरंगणारा स्लॅग वेगवेगळे दिसेपर्यंत एकेक नंबर खाली या, कमीत कमीच्या खाली मात्र जाऊ नका. गरजेपेक्षा गडद काचही वाईटच. दिसत नाही म्हणून वेल्डर मान पुढे घालतो आणि तोंड थेट धुरात जातं.

काचा लावायचा क्रम: बाहेर पांढरी, मध्ये काळी, आत पांढरी. बाहेरची पांढरी काच स्पॅटर (उडणारे वितळलेले थेंब) झेलते आणि टिपक्यांनी भरते. मग समोर धुरकट दिसतं, वेल्डर काळ्या काचेला दोष देतो आणि खालचा नंबर मागतो. खरं तर पाच मिनिटांचं पांढरी काच बदलायचं काम असतं. काळ्या काचेला तडा असेल तर चिकटपट्टी लावून चालवू नका. काच बसवून हेल्मेट दिव्यासमोर धरा, कडेने उजेडाची रेघ दिसली तर चौकट वाकली आहे.

ऑटो हेल्मेट घ्या, विशेषतः टाके मारणाऱ्यासाठी. डोळे मिटून टाका मारतात कारण काळ्या काचेतून रॉडचं टोक कुठं आहे तेच दिसत नाही. ऑटोमध्ये आधी ३ किंवा ४ नंबरचा उजेड असतो आणि आर्क पेटताच ती गडद होते. घेताना चार सेन्सर, ९ ते १३ नंबरचं बटण आणि ग्राइंड मोड बघा. चांगल्या काचेत यूव्ही आणि उष्णतेचे किरण अडवणारा थर कायम असतो, बॅटरी उतरली तरी. पण दिसणारा झगझगाट बॅटरी आणि सोलर सेलवरच थांबतो, म्हणून रोज सकाळी हेल्मेटचं तोंड उन्हाकडे करून काच गडद होते का बघा. बाहेर उन्हात गेट बसवताना ती उगाचच गडद होत राहिली तर सेन्सिटिव्हिटी कमी करा. कोपऱ्यात पाइपाच्या आड सेन्सर झाकले गेले की काच मध्येच उजळते, तिथे साधं काळ्या काचेचं हेल्मेट बरं.

ग्राइंड मोडवरून वेल्डिंगला येताना बटण फिरवायचं विसरतात. बटणाला लाल रंगाचा ठिपका मारून ठेवा. हेल्मेटवरही नंबर मोठ्या आकड्यात रंगवा. आकडा कन्नड पोराला, मराठी पोराला, हिंदीवाल्याला सारखाच वाचता येतो.

शहापूर ऑप्टिकल
नंबरवाल्या माणसाचं. रोजचा चष्मा म्हणजे सेफ्टी चष्मा नव्हे. साधी काच फुटली तर तिचेच तुकडे डोळ्यात जातात. साधं प्लास्टिक असलं तरी बाजू उघड्या आणि फ्रेम मार खायला केलेली नसते, धक्क्याने काच आतल्या बाजूला निखळते. दोन वाटा आहेत. त्याच्या चष्म्यावरून बसणारा मोठा पांढरा चष्मा घ्या, किंवा नंबरचा पॉलिकार्बोनेट लेन्स छाप असलेल्या सेफ्टी फ्रेममध्ये करून घ्या. वर दुसरा चष्मा चढवला की वजन आणि वाफ दोन्ही वाढतात, दिवसभर काम करणाऱ्याला दुसरी वाट टिकते.

चाळिशी उलटलेल्या वेल्डरचं दुखणं वेगळं. बायफोकलमध्ये जवळचं दिसणारा भाग खाली असतो, त्यामुळे हेल्मेटमध्ये मान मागे टाकून बसावं लागतं. हेल्मेटच्या काचेमागे बसणारी भिंगाची पट्टी मिळते, दीड, दोन अशा नंबरांत. ती लावा, मान वाचते. कॉन्टॅक्ट लेन्स आर्कने डोळ्याला चिकटते ही मात्र अफवा.

वाफ: आपल्याकडे जून ते सप्टेंबर आणि त्यात तोंडाला मास्क, मग वाफ येणारच. मास्कची नाकावरची पट्टी आधी घट्ट दाबा, चष्मा तिच्यावर टेकवा. गॉगलला थेट भोकं नको, आडवळणाचे व्हेंट असलेला घ्या, हवा येते, ठिणगी येत नाही. ईएनचा एन अक्षराचा छाप म्हणजे वाफ न धरणारी काच. साध्या काचेला भांड्याच्या साबणाचा एक थेंब आतून पातळ पसरून मऊ कापडाने टिपला की अर्धा दिवस निघतो.

पुसताना बनियनच्या टोकाने कोरडं घासू नका. काचेवर लोखंडाचा चुरा असतो, म्हणजे पॉलिशपेपर मारल्यासारखंच. आधी नळाखाली धुवा, मग टिपा. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन तर लांबच ठेवा, पॉलिकार्बोनेटमध्ये केसाएवढ्या चिरा पडतात आणि मारच खात नाही. काच बोटाच्या नखाला ओरखडे लागण्याइतकी खरबरीत झाली की बदला.

मच्छे फॅब्रिकेशन
आभार. दोन गोष्टी अजून. आमचा मदतनीस वेल्डिंग करतच नाही, फक्त जॉब धरतो, तरी रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं म्हणतो. आणि चष्मा असूनही ग्राइंडरचा कण जातो तो कसा?

निपाणी आर्क
मदतनीसाला आर्क लागतोय. लगेच कळत नाही, साधारण सहा ते बारा तासांनी चटचटतं, पाणी येतं, उजेड सोसत नाही. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत बरं होतं. दूध, बटाट्याच्या चकत्या, दुसऱ्याचा राहिलेला ड्रॉप काही घालू नका. बधिर करणारा ड्रॉप तर मुळीच नको, दुखणं थांबतं आणि जखम भरायची थांबते. थंड पट्टी ठेवून डोळ्याच्या डॉक्टरकडे.

त्यालाही हेल्मेट द्या, आणि टाका मारण्याआधी 'डोळे!' अशी हाक ठरवून घ्या. चुना मारलेली पांढरी भिंत, जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेला) चकचकीत पत्रा, ॲल्युमिनियम यांवरून यूव्ही उलटतो. दोन वेल्डर पाठीला पाठ लावून बसले तर मागच्याचा आर्क हेल्मेटच्या आतल्या काचेवर आदळून डोळ्यात येतो. मध्ये वेल्डिंगचा पडदा टांगा.

उद्यमबाग टूलरूम
कण बहुतेक चष्मा काढताना जातो. ग्राइंडिंगचा चुरा भुवयांवर, टोपीच्या कडेवर, चष्म्याच्या वरच्या काठावर साठतो. माणूस घाम पुसायला चष्मा वर सरकवतो आणि तो सगळा चुरा खाली येतो. क्रम बदला: मशीन बंद, मान खाली, टोपी पुढच्या बाजूला झटका, भुवया हातरुमालाने बाहेरच्या बाजूला झाडा, डोळे मिटून चष्मा पुढे ओढा. हातमोजा डोळ्याजवळ नेऊ नका.

तरीही गेलाच तर चोळू नका. पाण्याने धुवा. निघाला नाही तर काडी, सुई, रुमालाचं टोक काही चालवू नका. लोखंडाचा कण बुबुळावर एका दिवसात गंजाचं वर्तुळ सोडतो, ते डॉक्टरने भिंगाखाली काढायचं असतं. छिन्नीवर हातोडा मारताना टचकन काही लागलं आणि नंतर थोडंच दुखलं, तरी ते हलकं घेऊ नका. बारीक पोलादी कण डोळ्यात घुसून बसतो आणि वरून नीट दिसतही नाही. तेव्हा धुवायचं नाही, दाबायचं नाही, डोळ्यावर कागदी कप उपडा ठेवून पट्टी मारा आणि थेट डोळ्याच्या हॉस्पिटलला. तिथे लोखंडाचं काम होतं हे आवर्जून सांगा, कारण अशा डोळ्याचा एमआरआय करत नाहीत.

आणि आज शेडमधल्या सगळ्या छिन्न्या बघा. डोकं छत्रीसारखं पसरलेली असेल ती घासून सरळ करा, ते कण तिथूनच सुटतात.