गेलेल्या माणसाचा निरोप: तुम्ही कधी विचारायला गेला आहात का? (अनुभव धागा)

आई 2021 च्या एप्रिलमध्ये गेली. कोविड वॉर्डात होती, त्यामुळे शेवटचे नऊ दिवस आम्ही तिला पाहिलंच नाही. सातव्या रात्री तिचा फोन येऊन गेला, मी झोपलो होतो. सकाळी लावला तेव्हा तिच्या तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. तो मिस्ड कॉल अजून डोक्यातून जात नाही.

गेल्या दिवाळीनंतर मावसबहिणीने ठाण्यातल्या एका बाईंचं नाव सुचवलं. "त्या लिहितात," म्हणाली. म्हणजे डोळे मिटून बसतात, वहीवर पेन आपोआप चालतं, आणि लिहिणारा म्हणे पलीकडचा असतो. मी इन्स्ट्रुमेंटेशनवाला माणूस, मीटर खरं सांगतंय की नाही हे तपासण्यात नोकरी गेली. तरी गेलो. दुसऱ्या मजल्यावरचा साधा फ्लॅट. बाहेरच्या खोलीत सहा जण, प्रत्येकाच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये एकेक फोटो. पैसे ऐच्छिक, पण टीपॉयवरचा डबा पारदर्शक. बाई साध्या होत्या, आत कुकर लावलेला होता. आई अर्ध्या वाक्यात असताना तिसरी शिट्टी झाली, तेव्हा बाईंनीच उठून गॅस बंद केला आणि मग आई पुढे बोलली.

वहीत उतरलं ते असं: मी सुखात आहे, काळजी करू नकोस, गुडघे आता दुखत नाहीत. सत्तरीतल्या कुठल्या बाईचे गुडघे दुखत नाहीत? खुर्चीत बसल्याबसल्या हे मला कळत होतं. तरी 'गुडघे' वाचलं आणि घसा असा दाटला की पाणी मागावं लागलं. मग विचारलं, त्या रात्री फोन कशाला केला होतास? पेन बराच वेळ थांबलं. "तुझा आवाज ऐकायचा होता."

जिना उतरताना हिशेब मांडला. फोनचं मीच सांगून बसलो होतो, त्यावर दुसरं काय उत्तर येणार? त्या रात्री मात्र कित्येक महिन्यांनी सलग झोपलो.

मीडियम, प्लँचेट, अंगात येणं, काहीही असो, गेला असाल तर लिहा. जाताना काय वाटत होतं आणि बाहेर पडताना काय, दोन्ही लिहा. कुणाला भोळसट म्हणू नका, आणि "तुमची श्रद्धाच कमी पडली" असंही कुणाला ऐकवू नका.

मूळ पुणे, सध्या बंगळूर

मी पलीकडच्या बाजूने लिहितोय. म्हणजे प्लँचेटची वाटी ढकलणाऱ्यांच्या.

1986 ची मे महिन्याची सुट्टी. आजोबा जानेवारीत गेले होते. त्यांना या विषयाचा नाद होता, कपाटात वि. द. ऋषींची परलोकविद्येवरची पुस्तकं होती, म्हणून आजीलाही त्यात काही वावगं वाटत नसे. कॅरमबोर्ड पालथा घालून त्यावर खडूने गोलात अक्षरं, एका कोपऱ्यात काना, मात्रा, वेलांट्या, उकार, मध्ये 'हो' आणि 'नाही'. वाटी देवातली, पितळी. बोटं तिघांची: आत्या, शेजारचे काका आणि मी. आजी पाटावर बसून फक्त प्रश्न विचारायची.

पहिल्या रात्री वाटीने 'क्षटम' की कायसं लिहिलं. आजीचं तोंड उतरलं. मी तेरा वर्षांचा, मला ते बघवेना. दुसऱ्या रात्री मी हळूच जोर लावून 'सूखात आहे' जुळवलं. आत्या रडली. आजी काही बोलली नाही. नंतर गाद्या घालताना मला म्हणाली, "तुझे आजोबा मराठीचे मास्तर. सुखातला सु त्यांनी मेल्यावरसुद्धा दीर्घ काढला नसता."

मी गारच पडलो. ती चादर झटकत पुढे म्हणाली, "उद्या विचारू या, त्यांचे कोट बोहारणीला देऊ का. नीट लिही."

तिसऱ्या रात्री मी 'दे' लिहिलं. एकच मात्रा, चुकायला वाव नव्हता. त्या कोटांवर आलेली स्टीलची परात आज माझ्याकडे आहे. कणीक तिच्यातच मळतो.

सोलापूर, निवृत्त शिक्षक (पदार्थविज्ञान)

वाटीच्या अनुभवाला एक जोड. 1853 साली लंडनमध्ये टेबलाभोवती बसून टेबल फिरवण्याची लाट होती, तेव्हा मायकेल फॅरडेने त्याची परीक्षा घेतली. पुठ्ठ्याचे थर मऊसर लुकणाने एकमेकांवर बसवले आणि बसणाऱ्यांच्या हाताखाली ठेवले. टेबल आपणहून सरकलं असतं तर खालचे थर आधी सरकले असते. सरकले होते वरचे, म्हणजे हात आधी आणि टेबल मागून. मजा अशी की ती माणसं लबाड नव्हती, आपण ढकलतोय हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. आदल्याच वर्षी विल्यम कार्पेंटरने अशा नकळत होणाऱ्या हालचालींना 'आयडिओमोटर' हा शब्द दिला होता.

कॉलेजात आम्ही खेळणाऱ्यांचे डोळे बांधून गुपचूप बोर्ड फिरवला होता. 'हो' आधी जिथे होतं तिथे वाटी इमानेइतबारे गेली, तिथे आता 'ढ' होता.

हे सगळं मी वीस वर्षं वर्गात सांगितलं. खोलीतला मित्र अपघातात गेला तेव्हा एकदा रात्री एकटाच वाटीवर बोट ठेवून बसलो होतो. हलली नाही. हललेली चालली असती मला.

लेस्टर, इंग्लंड

इथे स्पिरिच्युअलिस्ट चर्च असतात. रविवारी प्रार्थना, गाणी, मग पाहुणा मीडियम उभा राहतो, समोरच्यांतल्या एकाकडे बोट करून "मी तुमच्याकडे येऊ का?" असं विचारतो, आणि शेवटी चहा-बिस्किटं. आजी साताऱ्यात गेली तेव्हा माझा व्हिसा नूतनीकरणाला गेलेला, पासपोर्ट हातात नाही. अंत्यसंस्कार व्हिडिओ कॉलवर पाहिले, तेही अडकत अडकत. दोन महिन्यांनी ऑफिसातली मैत्रीण मला तिच्या चर्चमध्ये घेऊन गेली.

मीडियम बाई माझ्याकडे वळल्या. वयस्क बाई आहे, आईच्या बाजूची, स्वयंपाकघरात दिसतेय. आता भारतीय मुलीला स्वयंपाकघरातली म्हातारी सांगायला काय लागतं, पण मी मान हलवली. मग निरोप आला: तिला तुझा फार अभिमान वाटतो आणि तिचं तुझ्यावर खूप प्रेम आहे. मी तिथेच आतून बाहेर आले. आमच्या आजीने ही दोन वाक्यं जन्मात कुणाला म्हटली नव्हती. ती म्हणायची "वाळलीस गं", की त्यात सगळं आलं. मी वाट बघत होते की या बाई आता दोन्ही हात कानशिलाला लावून बोटं मोडतील. नाही मोडली.

घरी येऊन वाचत बसले, तर हुदिनीची गोष्ट सापडली. तो जादूगार, आईवेडा, आई गेली 1913 मध्ये. 1922 मध्ये अटलांटिक सिटीला आर्थर कॉनन डॉयलच्या पत्नीने त्याच्या आईच्या नावाने पानंच्या पानं लिहून दिली. इंग्रजीत, आणि सुरुवातीला क्रूस काढून. आई ज्यू धर्मगुरूची बायको, इंग्रजी तिला जेमतेमच. मैत्री तुटली. पण डॉयलचं मला हसू येत नाही, त्याचाही मुलगा 1918 मध्ये गेला होता.

जाता जाता, इथे मीडियमविरुद्ध 1951 चा खास कायदा होता, तो 2008 मध्ये रद्द होऊन ग्राहक संरक्षणाच्या नियमांत विषय गेला. त्यामुळे बऱ्याच जाहिरातींखाली बारीक अक्षरांत 'केवळ मनोरंजनासाठी' असं असतं. चर्चमधल्या त्या दीड तासात कुणाचंच मनोरंजन होत नव्हतं. मी पुन्हा दोनदा गेले. बोटांसाठी.

नागपूर

माझ्या मिस्टरांचा आत्मा "अडकलाय" म्हणून माझ्याकडून तीन हप्त्यांत पंचेचाळीस हजार नेले. पहिल्या भेटीत काहीच मागितलं नव्हतं, त्यातच मी फसले. तिसऱ्या वेळी म्हणाला, विधी अर्धवट सोडला तर मुलाला त्रास होईल. तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे, पोलीस ठाण्यात दक्षता अधिकारी असतो, हे सगळं भावाने सांगितलं. मी तक्रार केली नाही. मिस्टरांचं नाव त्या कागदावर नको होतं मला.

आणि हो, ज्या दाभोलकरांच्या खुनानंतर तो कायदा आला, त्यांच्याच खुनाच्या तपासात प्लँचेट केल्याचा आरोप 2014 मध्ये पेपरात आला होता. पोलिसांनी नाकारला. पण वाचून मला माझ्या पंचेचाळीस हजारांचं दुःख जरा हलकं वाटलं.

कुडाळ

आमच्याकडे अवसर, म्हणजे अंगात येणं. वडील गेल्यावर आम्ही तिघे भाऊ घर विकायच्या बेतात होतो. अवसर आलेला गृहस्थ थरथरत म्हणाला, "घराक कुलूप लावलास तर माका दिवो कोण दाखवतलो?" आता हे त्याला चुलत्याने पढवलं होतं हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. घर विकलं नाही. चुलत्याची विहीर आमच्याच आवारात आहे, एवढंच सांगतो.

नाशिक

हे मी इथेच पहिल्यांदा लिहितोय, बायकोला माहीत नाही.

आमचा मुलगा एकोणीस वर्षांचा होता. वर्षश्राद्धाच्या आधी बायकोने झूमवर एका मीडियमची वेळ घेतली, पैसे आगाऊ. मी शेजारी बसलो, पहारेकरी म्हणून. त्या माणसाने खडे टाकायला सुरुवात केली: छातीत काही झालं होतं का, पाण्याशी संबंध, 'र' अक्षर? बायको प्रत्येक खडा झेलत होती. मग तो थांबला, हसला आणि म्हणाला, "तो गिटार वाजवतोय. तिकडेही गिटार सोडली नाही."

बायको हंबरडा फोडून रडली. मी स्क्रीनकडे बघत राहिलो. आमच्या मुलाला गिटार येत नव्हती. फेसबुकवर त्याचा जो फोटो आम्ही श्रद्धांजलीला लावला होता, त्यात त्याच्या मांडीवर आतेभावाची गिटार आहे. तेवढ्या फोटोपुरती घेतली होती, उलटी धरली होती, तीवरून सगळे हसले होते.

तिला हे माहीत नाही असं कसं होईल? फोटो तिनेच काढला होता.

कॉल संपल्यावर ती म्हणाली, "शिकला वाटतं तिकडे." मी हो म्हटलं.

मुंबई, समुपदेशक

माझ्याकडे येणारे लोक मीडियमकडे जाऊन आल्याचं तिसऱ्या-चौथ्या भेटीत सांगतात, तेही आवाज खाली आणून. त्याहून आवाज खाली जातो तो "मला ते दिसले" हे सांगताना. 1971 मध्ये डेवी रीस या डॉक्टरने वेल्समधल्या 293 विधवा-विधुरांच्या मुलाखती छापल्या. जवळपास निम्म्यांना गेलेला जोडीदार कधी ना कधी जाणवला होता: कुणाला घरात असल्यासारखा, कुणाला आवाज, कुणाला स्पर्श. बहुतेकांनी ते कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा ज्यांना कुकरच्या शिट्टीत हाक ऐकू येते त्यांनी घाबरू नये, एवढंच. मीडियमकडे जावं का, हे मला विचारतात तेव्हा मी उलट विचारते, काय विचारणार आहात? त्या प्रश्नावरच आमचं पुढचं काम चालतं. धागाकर्त्यांनी फोनचा प्रश्न विचारला, त्याला मी उत्तर देणार नाही. पण मिस्ड कॉलची वेळ त्यांना पाठ असणार, हे सांगू शकते.

सांगली

मीडियम वगैरे आमच्याकडे नाही, आमच्याकडे कावळा.

दादांचा दहावा, कृष्णेचा घाट. पिंड मांडून पाऊण तास झाला, कावळे पिंपळावर रांगेत बसलेले, एक खाली उतरेना. मग सुरू झालं. थोरला म्हणाला, धाकट्याचं शिक्षण पुरं करतो. नाही. आईला सांभाळतो. नाही. चुलते म्हणाले, बांधाचं भांडण मिटवतो. आम्हाला वाटलं आता उतरणारच, तरीही नाही. भटजी घड्याळ बघायला लागले, दर्भाचा कावळा करू म्हणाले. तेवढ्यात धाकटी वहिनी, जी घरात कधी तोंड उघडत नाही, मागून म्हणाली, "दादा, तुमचा ट्रान्झिस्टर भंगारात देणार नाही."

कावळा आला. एक नाही, तीन आले.

आमचे मामा अंनिसचे जुने कार्यकर्ते. परतताना चप्पल घालत म्हणाले, "तिचं ऐकायला तुम्ही सगळे मागे वळलात, चार पावलं मागे सरलात, म्हणून उतरला." मी आठवून पाहिलं. सरलो होतो खरे.

मामांनी गाडीत बसताना वहिनीला हळूच विचारलं, ट्रान्झिस्टर देणार होतं कोण? ती म्हणाली, "मीच. सकाळी पिशवीत भरून ठेवला होता."