कोलायटिस आणि पोटातले बॅक्टेरिया, काही संबंध असतो का?

सिडकोवाली: भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस निघालाय, म्हणजे इम्युनिटी बिघडून मोठ्या आतड्याला सूज न जखमा, मेसालामाइन म्हणून सूज उतरवायच्या गोळ्या चालूयत. मेडिकलवाल्याने प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जंतूंची कॅप्सूल, गळ्यात मारलंय, म्हणे पोटातले जंतू सुधारले की इम्युनिटी ताळ्यावर येते. खरंय का?

पंचवटीकर: संबंध आहे ताई, पण कॅप्सूल घेतली आणि झालं एवढं सोपं नाहीये. मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया आपल्याला न पचणारं फायबर खाऊन ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात, आतड्याच्या अस्तराला मुख्य ताकद त्याचीच, शिवाय त्याने रेग्युलेटरी टी पेशी वाढतात म्हणजे इम्युनिटीला आवर घालणाऱ्या. ह्या आजारात ब्युटिरेट बनवणारे बॅक्टेरियाच कमी सापडतात, फेकॅलिबॅक्टेरियम वगैरे.

मिसळप्रेमी: मग रोज बाजरीची भाकरी न मटकी हाणायची का 😄

पंचवटीकर: रक्त पडतंय तोवर अजिबात नको, मऊ भातच बरा. शांत झालं की ज्वारी, शिजवलेल्या भाज्या, ताक, सोसेल तसं हळूहळू. मिसळीची तर्री राहू द्या सध्या.

सिडकोवाली: आता बरं वाटतंय तर गोळ्या सोडतो म्हणतोय तो

गंगापूररोड: सोडू देऊ नका हो, परत उसळतं! आणि साध्या सर्दीला अँटिबायोटिक पण नको, व्हायरसला काही होत नाही, मरतात ते पोटातले कामाचे बॅक्टेरिया.